रात्री पोलीस घरात शिरले, कपाट उघडायला लावलं, फोन घेऊन गेले: हे चालतं का?

विचारणाऱ्याची हकीकत थोडक्यात अशी. उत्तर गोव्यातलं गाव. घरात सदुसष्ट वर्षांची आई आणि दोन मुलगे. रात्री साडेनऊच्या सुमारास दोन पोलीस आले, एक गणवेशात, एक साध्या कपड्यांत. त्यांना धाकटा भाऊ हवा होता. त्याच्या मित्रावर मोटरसायकल चोरीची तक्रार आहे म्हणे. भाऊ बाहेर, थोरला कामावर, आई एकटी. पोलीस आत आले, भावाची खोली बघितली, आईला कपाट उघडायला लावलं, टेबलावर पडलेला भावाचा मोबाइल उचलला आणि ‘उद्या सकाळी त्याला स्टेशनवर घेऊन या, तुम्हीपण या’ असं सांगून गेले. कागदाचा चिटोरा दिला नाही. थोरल्या भावाचे प्रश्न दोन: वॉरंट नसताना हे कसं चालतं? आणि उद्या जायचं की नाही?

मी गोव्यात फौजदारी वकिली करतो. असे फोन बहुतेक रात्रीच येतात, आणि दहातले नऊ जण वॉरंटपासूनच सुरुवात करतात. म्हणून तो मुद्दा आधी बाजूला करू.

वॉरंट नसेल तर पोलिसांना उंबरठा ओलांडता येत नाही, ही समजूत आपल्याकडे सिनेमातून आली आहे, तीही परदेशी सिनेमातून. आपला कायदा तसा नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलमांचे नंबर बदलले, काही नवीन गोष्टी आल्या, पण गाभा तोच राहिला: दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, ज्याला अटक करायची तो घरात आहे असं मानायला कारण असेल तर घरात येऊ शकतात, आणि तपासासाठी लागणारी वस्तू घरात आहे असं वाटलं तर वॉरंटशिवाय झडतीही घेऊ शकतात. त्यामुळे दारात उभं राहून ‘वॉरंट दाखवा’ म्हटलं की समोरचा हवालदार नुसता हसतो, आणि बरेचदा त्याचं हसणं कायद्याला धरून असतं.

मात्र या प्रत्येक अधिकारासोबत अटी आहेत. तुमच्या आईच्या बाबतीत त्यातल्या बऱ्याच मोडलेल्या दिसतात. त्या मोडल्या हे कळायला पहिला प्रश्न वेगळा विचारावा लागतो: ‘साहेब, कोणत्या केससाठी आलात? नंबर काय? आणि तपास अधिकारी कोण?’ उत्तर काय येतं त्यावर पुढचं सगळं ठरतं, कारण दारावरची थाप एकच असली तरी पोलीस चार-पाच निरनिराळ्या कामांसाठी आलेले असू शकतात, आणि प्रत्येक कामाला त्यांचा अधिकार वेगळा आहे.

कधी एफआयआर झालेलीच नसते. शेजाऱ्याने कंपाउंडच्या भिंतीवरून, माडाच्या झावळ्यांवरून, कुत्र्यावरून अर्ज दिलेला असतो. अदखलपात्र तक्रार असेल तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. घरात शिरणं, वस्तू उचलणं तर दूर राहिलं. अशा वेळी वसरीत खुर्ची द्या, पाणी द्या, म्हणणं काय ते ऐका आणि ‘आमचं उत्तर लेखी देऊ’ म्हणून सांगा. वसरीच्या आत न्यायची गरज नाही. आपल्या जुन्या घरांत आल्यागेल्याला वसरीवर बसवायची रीत आहेच, ती इथे कामाला येते.

आता तुमच्या घरी काय झालं ते बघू. चोरी हा दखलपात्र गुन्हा. तेव्हा एफआयआर खरोखर झाली असेल तर पोलिसांना तपासाचा अधिकार आहे. भाऊ घरात आहे असं वाटायला कारण असेल आणि त्याला अटक करण्याचा अधिकार असेल, तर संहितेच्या कलम ४४ खाली घरातल्यांनी त्यांना आत येऊ द्यायलाच हवं. नाही दिलं तर दार तोडायची तरतूदही त्याच कलमात आहे. खोलीत डोकावले, माडीवर बघितलं, मागच्या दाराशी गेले, इथवर ते म्हणू शकतात की आम्ही माणूस शोधत होतो. पण कपाटाच्या कप्प्यात माणूस मावत नाही. कपाट उघडायला लावलं त्या क्षणी माणसाचा शोध संपला आणि वस्तूची झडती सुरू झाली, आणि झडतीचं कलम वेगळं आहे.

ते कलम १८५. पोलीस ठाण्याचा प्रमुख किंवा तपास करणारा अधिकारी यांनाच ही झडती घेता येते. आधी केस डायरीत लिहावं लागतं की अमुक वस्तू अमुक घरात मिळेल असं मला का वाटतं, आणि वॉरंट आणत बसलो तर उशीर का होईल. स्वतः जाणं शक्य नसेल तर हाताखालच्याला पाठवता येतं, पण लेखी आदेश देऊन. त्या आदेशात जागा आणि शक्य तितकी वस्तूही नमूद करून. म्हणून दोन पोलीस आले तर विचारायचं: तुमच्यापैकी तपास अधिकारी कोण? कोणीच नसेल तर लेखी आदेश कुठे आहे? हा प्रश्न वॉरंटच्या प्रश्नापेक्षा कितीतरी टोकदार आहे. कारण वॉरंट लागत नाही हे त्यांना पाठ असतं, लेखी आदेश लागतो हे बऱ्याच जणांना आठवत नाही.

झडती कशी घ्यायची ते कलम १०३ सांगतं. परिसरातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी साक्षीला बोलवायचे, आणि तेही झडती सुरू होण्याआधी. घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचं. काय सापडलं, कुठे सापडलं याची यादी करायची, साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि यादीची प्रत घरच्यांना द्यायची. स्त्रीच्या अंगाची झडती फक्त स्त्रीनेच घ्यायची, तीही मर्यादा सांभाळून. नवीन संहितेने यात मोठी भर घातली ती कलम १०५ ची: संपूर्ण झडती आणि जप्ती, यादी करणं आणि सह्या घेणं धरून, व्हिडिओवर चित्रित करायची आणि ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. कायद्यातच मोबाइल फोनचा उल्लेख आहे आणि पोलिसांसाठी ई-साक्ष्य नावाचं ॲपही आहे. म्हणजे तुमच्या आईसमोर कोणी मोबाइल धरून चित्रीकरण केलं नसेल, शेजारच्या घरातलं कोणी साक्षीला बोलावलं नसेल आणि यादी दिली नसेल, तर कायद्याच्या भाषेत ती झडती सदोष आहे. कलम १८५ खाली जे काही लिहून ठेवलं त्याच्या प्रती अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे जायला हव्यात, आणि घरमालकाने अर्ज केला तर त्या त्याला फुकट मिळतात. हा अर्ज तुम्ही करायचा आहे. पुढे त्याबद्दल बोलतो.

सदोष झडती म्हणजे पुरावा बाद, असं मात्र समजू नका. तोही सिनेमाचाच धडा. पूरणमल प्रकरणापासून (१९७४) सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी की झडती बेकायदा असली तरी तिच्यात सापडलेली वस्तू तेवढ्याच कारणाने पुराव्यातून बाहेर जात नाही. न्यायालय ती जास्त सावधपणे तपासतं, इतकंच. तेव्हा ‘करू देत काय ते, कोर्टात उडेल’ या भरवशावर गप्प बसू नका. हरकत त्याच वेळी, शांतपणे आणि शक्य तिथे कागदावर नोंदवायची.

आणि हात लावायचा नाही. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. दार अंगावर लोटलं, बाही ओढली, मोबाइल हिसकावून परत घेतला, की मूळ केस बाजूला राहते आणि लोकसेवकावर बळाचा वापर केल्याची नवी केस उभी राहते. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला वेगळा कायदा) कलम १३२, दोन वर्षांपर्यंत कैद, आणि अजामीनपात्र. झडती चुकीची होती हे सांगायला निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःच्या जामिनासाठी कोर्टाच्या बाकावर बसतो. ‘माझी संमती नाही, पण मी अडवत नाही’ हे एक वाक्य आईला शिकवून ठेवा. कोकणीत बोलली तरी चालेल, मोबाइलवर रेकॉर्ड झालं तर उत्तम. स्वतःच्या घरात चाललेल्या कारवाईचं चित्रीकरण करू नये असा कायदा नाही. खुद्द पोलीस ठाणंसुद्धा शासकीय गुपितांच्या कायद्याखालची ‘निषिद्ध जागा’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. फक्त फोन कोणाच्या तोंडासमोर नाचवू नका. खिडकीत उभा करून ठेवला तरी काम होतं.

रात्रीच्या वेळेबद्दल बरेच गैरसमज आहेत. रात्री झडती घ्यायचीच नाही असा सरसकट नियम संहितेत नाही. नियम आहे तो स्त्रीच्या अटकेचा: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक नाही, अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने आधी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याची परवानगी घेऊनच. घरात बाई एकटी असेल तर महिला पोलीस हवीच असंही प्रत्येक झडतीला लागू होत नाही, पण ‘महिला पोलीस येईपर्यंत थांबा, मी शेजारच्या वहिनींना बोलावते’ असं म्हणायला काहीच हरकत नाही, आणि समंजस अधिकारी थांबतो. संशयिताच्या घरी पाळत म्हणून रात्री-अपरात्री फेऱ्या मारण्याची मुभा देणारा उत्तर प्रदेश पोलिसांचा नियम सर्वोच्च न्यायालयाने खरक सिंह प्रकरणात १९६२ सालीच रद्द केला. ‘तो घरी आहे का, सहज बघायला आलो’ असं म्हणत कोणी दर रात्री दार वाजवत असेल तर हा निकाल आठवावा.

किनारपट्टीवरच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगून ठेवतो. अमली पदार्थांच्या कायद्यात दिवस आणि रात्र यांत फरक केलेला आहे. त्या कायद्याच्या कलम ४२ खाली अधिकार असलेला अधिकारी सूर्योदय ते सूर्यास्त वॉरंटशिवाय आत येऊ शकतो. रात्री यायचं तर वॉरंट मिळवण्याच्या वेळात पुरावा नाहीसा होईल किंवा आरोपी पळेल असं का वाटलं, ते लिहून ठेवावं लागतं. अंगझडती असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर ती घ्या असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे, आणि हा हक्क आहे हे पोलिसांनीच आधी सांगायला हवं. तो अंगझडतीपुरता, खोलीच्या झडतीला लागू नाही. पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी हे माहीत करून घेतलेलं बरं. या कायद्यातल्या शिक्षा इतक्या जड आहेत की पोलिसांनी प्रक्रिया कितपत पाळली हे न्यायालयं इतर केसेसपेक्षा बारकाईने बघतात.

खोल्यांचा विषय निघालाच आहे तर भाडेकरूंच्या पडताळणीबद्दलही. गोव्यात भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं घरमालकावर बंधनकारक आहे, आणि परदेशी पाहुणा असेल तर तो आल्यापासून चोवीस तासांत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्ममध्ये कळवावी लागते. त्यासाठी पोलीस आले तर कागद दाखवा, फॉर्म भरा, नसेल भरला तर भरून द्या. पण भाडेकरूच्या खोलीची किल्ली काढून ‘बघून घ्या’ म्हणू नका. ती खोली त्याच्या ताब्यात आहे, आणि झडतीचे नियम तिथेही तेच. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसाला तर घरात शिरायचं किंवा ‘चहापाणी’ मागायचं काहीच कारण नाही. पासपोर्टची फी तुम्ही आधीच भरलेली असते.

मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, घरात पोलीस आले तर प्रकरण वेगळं. भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, अर्ज दिला, पोलीस आले आणि म्हणाले ‘हे घर खाली करा’ किंवा ‘छपराचं काम बंद करा’. हे गोव्यात जुनंच दुखणं आहे. मुंडकार कोण, घर कोणाचं, कोणाला काढायचं हे १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली मामलेदार ठरवतो. भावकीच्या सामायिक घराचा वाद दिवाणी न्यायालयाचा. ताब्यावरून मारामारी होईल अशी भीती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकारी आदेश काढतो. यातलं काहीही पीएसआयच्या टेबलावर ठरत नाही. तिथे मागायची गोष्ट एकच: ‘मामलेदाराचा किंवा कोर्टाचा आदेश दाखवा.’ आदेश नसेल तर पोलीस शांतता राखायला आले आहेत, घर रिकामं करायला नाही. आणि स्टेशनवर बसून ‘तडजोड’ म्हणून लिहिलेल्या कागदावर सही करू नका. तो कागद वर्षानुवर्षं दिवाणी दाव्यात तुमच्याविरुद्ध फिरत राहतो. मी अशा कागदांशी झगडण्यात बराच काळ घालवला आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न: उद्या जायचं का?

आईने जायचं नाही. त्याच संहितेच्या कलम १७९ नुसार कोणत्याही वयाच्या स्त्रीला चौकशीसाठी तिच्या राहत्या घराखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही. पंधरा वर्षांखालच्या आणि साठ वर्षांवरच्या पुरुषाला, अपंग व्यक्तीला, गंभीर आजारी माणसालाही तेच. (जुन्या कायद्यात पुरुषांची मर्यादा पासष्ट होती, आता साठ, घरातल्या वडीलमाणसांच्या कानावर घाला.) त्यांना काही विचारायचं असेल तर त्यांनी घरी यावं. स्वखुशीने स्टेशनवर जायला मुभा आहे, पण ‘तुम्हीपण या’ ही खुशी होत नाही. ते घरी आले तर आईने खरं सांगायचं. मात्र ज्या उत्तराने ती स्वतः गुन्ह्यात अडकेल असं उत्तर द्यायला ती बांधील नाही. आणि तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, असं कलम १८१ स्पष्ट सांगतं. ‘नुसती सही करा आजी’ म्हटलं तर नको म्हणायचं.

भावाचं उत्तर वेगळं. त्याला चौकशीला हजर राहावं लागेल, पण कागदावर. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी उठून थेट अटक करायची नाही; अटकेची गरज नसेल तर कलम ३५(३) ची नोटीस द्यायची, आणि अटक करायची तर कारणं लिहायची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालाने (२०१४) घट्ट केलं. नोटीस मिळाली आणि भाऊ तिच्याप्रमाणे हजर होत राहिला, तर कारणं नोंदवल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही. नोटीस मिळूनही तो गेला नाही तर मात्र ते अटकेला पुरेसं कारण ठरू शकतं. म्हणून नोटिशीपासून पळू नका. ती तुमची ढाल आहे. नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. घरी घेऊन आले आणि भाऊ नसेल तर आईने घ्यायला घाबरू नये: पोचपावतीवर सहीसोबत तारीख आणि वेळ तिच्याच हातून लिहून घ्या. जुन्या कायद्यात माणूस सापडला नाही तर समन्स घरातल्या प्रौढ पुरुषाकडे द्यायचं असं लिहिलं होतं. नव्या संहितेने ‘पुरुष’ शब्द काढला. इतकी वर्षं घर चालवणाऱ्या बाईला कागद घेण्याइतकंही धरलं नव्हतं, हे आज वाचताना विचित्र वाटतं.

तोंडी निरोपावर जायचं का, याबद्दल वकिलांत दोन मतं आहेत. कायद्याने बांधील नाही, हे खरं. पण गाव लहान, स्टेशन एकच, तोच पीएसआय उद्याही तिथे असणार. माझा सल्ला असा: भावाने लपू नये, आणि रात्री तर अजिबात जाऊ नये. सकाळी एक साधं पत्र लिहा. ‘काल रात्री साडेनऊच्या सुमारास दोन पोलीस आमच्या घरी आले, मला बोलावल्याचं आईला तोंडी सांगितलं. मी तपासात सहकार्य करायला तयार आहे. कृपया केसचा नंबर, कलमं आणि लेखी नोटीस द्यावी, मी दिलेल्या वेळी वकिलासोबत हजर राहीन.’ दोन प्रती काढा, एकीवर स्टेशनचा आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तेच पत्र ईमेलने पीआयला आणि वर उपअधीक्षकांना पाठवा, किंवा रजिस्टर पोस्टाने. ‘बोलावूनही आला नाही, फरार आहे’ असं उद्या लिहिलं गेलं तर हे पत्र उभं राहील. भाऊ गेलाच तर वकील सोबत हवा. अटक झाली असेल तर चौकशीच्या वेळी वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ मध्ये आहे, पूर्ण वेळ शेजारी बसण्याचा नाही. पण वकील बाहेरच्या बाकावर बसून आहे हे दिसलं तरी खोलीतला सूर बदलतो.

अटकेचीच भीती खरी असेल, म्हणजे मित्राने जबाबात भावाचं नाव घेतलं असेल, तर सत्र न्यायालयात कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. त्याआधी एफआयआर झाली आहे का ते बघा. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक आहे.

तरीही अटक झालीच, तर घरच्यांनी काय बघायचं? अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसायला हवं. अटकेचा मेमो त्याच वेळी तयार व्हावा, त्यावर घरातल्या किंवा परिसरातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही असावी. भावाने ज्याचं नाव सांगितलं त्याला खबर जायला हवी. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायला हवं. अटकेची कारणं लेखी, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये पक्कं केलं. गोव्यात याला फार महत्त्व आहे, कारण आपल्याकडे स्टेशनची कागदपत्रं बहुतेक इंग्रजीतच टाइप होतात आणि डिचोली-सत्तरी-पेडण्याकडची कितीतरी माणसं मराठीत शिकलेली आहेत. ‘मला मराठीत लिहून द्या’ म्हणायला संकोच करू नका. चोवीस तास उलटूनही माणूस कोर्टात आला नाही, कुठे आहे ते कोणी सांगत नाही, तर पर्वरीला उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका (माणसाला कोर्टापुढे उभं करा, असा आदेश मागणारी) हाच मार्ग. वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. अटकेतल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

पंचनाम्यावर सही करायची वेळ आली तर एकेक ओळ बघा. वरती झडती सुरू झाल्याची वेळ आणि खाली संपल्याची वेळ असते. या दोन वेळा खऱ्या आहेत का ते आधी तपासा, कारण स्टेशनवर जाऊन उशिरा लिहिलेल्या पंचनाम्यात नेमक्या याच चुकतात. मधे रिकामी जागा सोडलेली असेल तर तिच्यावर तिरकी रेघ ओढायला सांगा. मोबाइल नेत असतील तर कंपनी, रंग, आयएमईआय नंबर, सिम आहे की नाही, स्क्रीन फुटलेली आहे का, फोन चालू होता की बंद, हे सगळं यादीत यायला हवं. सहीखाली तारीख-वेळ घाला आणि ‘प्रत मिळाली’ किंवा ‘प्रत मिळाली नाही’ हे स्वतःच्या हाताने लिहा. मजकूर इंग्रजीत असेल आणि कळत नसेल तर ‘मला वाचून दाखवलं नाही’ एवढं मराठीत लिहून सही करा. उलटतपासणीत अशी एक हस्तलिखित ओळ कधी कधी अख्ख्या पंचनाम्यापेक्षा जास्त बोलते. पासवर्ड मागितला तर वकिलाशी बोलल्याशिवाय देऊ नका.

तुमच्या आईला यातलं काहीच मिळालं नाही. तेव्हा फोनसाठी आणखी एक पत्र लिहा, आणि ते याच आठवड्यात. त्यात लिहा: अमुक तारखेला, अमुक वाजता, अशा वर्णनाचे दोन पोलीस आले, त्यांनी अमुक वर्णनाचा मोबाइल नेला, जप्तीची यादी दिली नाही, साक्षीदार बोलावले नाहीत, चित्रीकरण केलेलं दिसलं नाही. जप्तीचा पंचनामा आणि कलम १८५ खाली नोंदवलेल्या कारणांची प्रत मागा. रस्त्यावरच्या कोणा दुकानाचा कॅमेरा असेल तर मालकाला आजच सांगून ते चित्रण जपून ठेवा. असे कॅमेरे काही दिवसांतच जुन्यावर नवं लिहितात. स्टेशनच्या कॅमेऱ्यांचं चित्रण मात्र शक्यतो अठरा महिने, नाहीतर किमान एक वर्ष ठेवावं असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. ते दोघे स्टेशनवर कधी परतले आणि हातात काय होतं हे त्यातून कळू शकतं. म्हणून ते जतन करायची विनंती पत्रातच घाला.

पत्राच्या प्रती पोलीस अधीक्षकांना पाठवा. उत्तर आलं नाही किंवा ‘फोन नेलाच नाही’ असं उत्तर आलं, तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, मानवाधिकार आयोग आहे, आणि दंडाधिकाऱ्याकडे खाजगी फिर्याद करायची वाटही उघडी आहे. माझ्या अनुभवात यातली सगळ्यात लवकर हलणारी गोष्ट म्हणजे दंडाधिकाऱ्याकडे कलम ५०३ खाली केलेला वस्तू परत मिळण्याचा अर्ज. त्या अर्जावर न्यायालय पोलिसांना म्हणणं मांडायला सांगतं, आणि म्हणणं मांडायचं तर फोन कोणत्या केसमध्ये, कोणी, कधी जप्त केला हे त्यांना लिहून द्यावंच लागतं. फोनचं बिल किंवा खोका सापडत असेल तर भावाला शोधून ठेवायला सांगा, अर्जाला जोडावं लागेल.